टेकाडाच्या पोटात

माझे वय ४४ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार प्राचीन दफनाच्या टेकाडाच्या कुंपणालगत. माझे नाव वेगळ्या कागदावर घेतले आहे. ते या जबाबात येऊ नये, ही माझी विनंती आहे.

पोलिसांनी बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की, सदर टेकाडात फार जुन्या काळच्या माणसांचे दफन असल्याने तेथे खणण्यास सरकारी मनाई आहे. माझे पती तेथे राखणदार आहेत. त्यांना कुंपणाच्या ठेकेदाराने कामावर ठेवले आहे. माझे धाकटे दीर आमच्याकडेच राहतात व विहिरी खणतात.

काल दुपारी पती बाजारात गेले होते. मी वाळलेले कपडे काढत असताना टेकाडामागून कण्हण्याचा आवाज आला. एखादे जनावर तारेत अडकले असेल असे वाटून मी आत गेले. मागच्या उतारावर ताडपत्री बाजूला सारलेली होती आणि तिच्याखाली माणूस जाईल एवढे भोक होते. आत माझे दीर छातीपर्यंत मातीत गाडले गेले होते. ते म्हणाले, "वहिनी, पुढे येऊ नका. वरून ढासळतंय."

कडेला ठेकेदार फावडे घेऊन उभा होता. त्याच्या पायाशी फडक्यात गुंडाळलेले मातीचे भांडे होते. मी माणसे बोलावते म्हटल्यावर तो शांतपणे म्हणाला, "बोलवा. तोवर मी हे बुजवून टाकतो. आत कोणी होतं, हे कोणाला कळणार?"

दिरांच्या हाताखाली आणखी एक भांडे होते, ते त्याला हवे होते. म्हणून मी म्हटले, घरी दोर आहे, आपण दोघे ओढू. त्याने मला जाऊ दिले.

घरात शिरून मी कडी लावली व अग्निशमन दलाला फोन केला. परत जाण्याचा धीर होत नव्हता. तरी गेले. दोर बांधताना मी मुद्दाम गाठ चुकवत राहिले. बंबाचा भोंगा ऐकू आला तेव्हा ठेकेदाराने भराभर माती आत लोटली, भांडे उचलले व निघून गेला. बंबवाले येईपर्यंत मी हातांनी दिरांच्या तोंडावरची माती काढत होते.

दीर इस्पितळात आहेत. आपण एकटेच होतो, असे त्यांनी सांगितले आहे. पतींनी मलाही तसेच सांगायला बजावले. "आपल्याला इथेच राहायचंय," एवढेच ते म्हणाले. तरी मी सांगते की, ठेकेदार तेथे होता.

आज सकाळी तो आमच्या दारात आला. त्याने दिरांची तब्येत विचारली आणि ठाण्यापर्यंत सोडतो म्हणाला. पती गाडीत बसले, म्हणून मीही बसले. दोघे बाहेरच्या बाकावर आहेत.

पोलीस जबाब मोठ्याने वाचू लागल्यावर मी आवाज खाली आणण्यास सांगितले. हळू आवाजात वाचून दाखवलेला मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. मी घरी कशी जाऊ, ते सांगावे.