भरलेला पंप

भाद्रपदाचं ऊन चटके देत होतं. शकुन बागेसाठी रबरी नळी घ्यायला अकोटच्या कृषी केंद्रात उभी होती. तिच्या पुढे वांग्यांची वाडी करणारे खुशालराव होते आणि दुकानदार विपुल त्यांना फवारणीचा पंप दाखवत होता.

"हा न्या, काका. बॅटरीवर चालते."

"चालत असन. भरल्यावर पाठीवर घेता येते काय?"

"काहून नाही? काकू देतीन नं उचलून."

"तुई काकू गेली, बापा. पोळ्याच्या आधीच."

"अरे! मले मालूमच नाही, काका."

"मालूम कसं होईन? तवापासून मीच आज गावाबाहेर निघालो."

"मंग गडी लावा एखादा."

"चार ओळी वांग्यांसाठी गडी? हासतीन लोकं."

"मंग असं करा. पंप ओट्यावर ठेवा, त्याच्याकडे पाठ करून बसा, पट्टे घाला अन् उठा."

"इथंच पायतो."

"पाहा नं. बसा त्या बाकावर."

"पाणी भर आंधी. रिकामा तं कोणीबी उचलते."

विपुलने पंप गळ्यापर्यंत भरला. खुशालराव पट्ट्यांत हात घालून उठायला गेले आणि धपकन बसले. शकुन नकळत पुढे झाली.

"राहू द्या, बाई. तुमी काय रोज येसान?"

दुसऱ्या वेळी गुडघ्यांवर हात रेटून ते उभे राहिले.

"जमलं नं, काका!"

"जमलं."

"मंग देऊ बांधून? उतरवाले तं कोणी लागतच नाही."

"नाही लागत. तरी तुई काकू दरवेळी येये, हात लावाले."