मोकळी कड

हिशेबाने पाहिलं तर बयाबाईचा फायदाच फायदा होता. पोलिओ झाल्यापासून हिरा तिच्या कडेवर होती. आता एका धर्मादाय संस्थेने पोरीला लोखंडी पट्ट्यांचे बूट फुकट दिले, म्हणजे आईचे दोन्ही हात मोकळे. नाशिकच्या स्टँडवर, हरसूलच्या गाडीच्या रांगेत, शेजारची लंकाबाई तिला तेच पटवत होती.

"आता बाजाराला दोन पाट्या नेशील की गं!"

"नेईन."

"मग तोंड का पाडलं?"

"बूट घालताना संस्थेतल्या सिस्टर म्हनल्या, रडली तरी उचलू नका."

"बरोबरच हाय. तू उचललीस की बूट लागले खुंटीला!"

"पडली तरी नाय उचलायची?"

"पडली तरी. हिरे, पाय दुखत्यात का गं?"

"लय दुखत्यात, मावशी. आये, गाडी लागली बघ, सरक. मी चढते गाडीत."

"पायरी उंच हाय, बाय. एवढ्या पायरीपुरती ये कडेवर."

"नाय!"

"सिस्टर कुठं बघत्यात हितं?"

"मी सांगन त्यांना."

दांडा धरून, खडखडत हिरा वर गेली. बूट संस्थेने दिले, दुखणं हिराने सोसलं. आणि मागून चढलेल्या बयाबाईची डावी कड अजून बाहेर काढलेलीच होती.