वाघोडियापर्यंत झोप

त्र्याण्णव साली वाघोडियाच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते.

"अहल्या, लोक बघतायत."

"बघू देत. बावीस वर्षं नेव्हीत काढलीत, आता हलल्याशिवाय झोप येत नाही. मग बसमध्ये झोपा. घरी हिंचक्यावर झोपवलं, तर धाडकन खाली पडलात."

"हिंचका एकाच दिशेला हलतो. जहाजाचं तसं नसतं."

"कळलं. डोळे मिटा."

"तुला बस लागते."

"लिंबू आणलंय."

"त्यापेक्षा मालवाहू जहाजावरची नोकरी धरतो. उद्या होकार कळवायचाय."

"खबरदार! वर्षाला दोन महिने नवरा मिळाला मला. आपली लेक कौमुदी तुम्हाला पहिल्यांदा 'काका' म्हणाली, तेव्हा मोरीत जाऊन कोण रडलं होतं? आता नुसत्या झोपेसाठी परत समुद्रावर?"

"रडलो नव्हतो. डोळ्यात साबण गेला होता."

"बरं, साबण. झोपा."

रस्त्यात खड्डे सुरू झाले आणि गृहस्थ तिच्या खांद्यावर डोकं टाकून घोरू लागले.

"वाघोडिया! चालो, उतरो!" कंडक्टर ओरडला.

"धीमे बोलो ने, भाई! परतीची दोन तिकिटं द्या. आणि ती खिडकी उघडा लवकर. मला हलता येत नाही, आणि उलटी होतेय."