आईला समुद्र बघायचा होता

तुमचं गोव्याला जायचं चाललंय म्हणून आठवलं. आमच्या शेळगावच्या घरात सुट्टी म्हणजे गडच. ऊस कारखान्याला गेला की तात्या, म्हणजे आमचे वडील, जीप ठरवायचे आणि सगळ्यांना कुठल्या तरी किल्ल्यावर चढवायचे. आई दमून पायरीवर बसली की तिला तिथली लढाई सांगायचे.

एका वर्षी आई अडूनच बसली. "अवो, गड लई झालं. मला एकदा समुद्र दाखवा."

"दाखवतो की," तात्या म्हणाले आणि आम्हाला मालवणला घेऊन गेले. आई खुशीत. किनाऱ्यावर पोचल्यावर तात्यांनी समोर हात केला. पाण्यात सिंधुदुर्ग उभा!

"म्हंजी हितंबी किल्लाच व्हय?" आईनं कपाळाला हात लावला.

पण होडी निघाली आणि तात्या आईकडं सरकले. त्यांना पोहता येत नव्हतं. लाटेवर होडी उचलली गेली तसा त्यांनी आईचा हात गच्च धरला. गावात हा माणूस तिच्यापुढं चार पावलं चालायचा. आम्ही पोरं बघतोय म्हटल्यावर ते हात काढून घ्यायला लागले, तर आई हळूच म्हणाली, "धरा वो. हितं वळखीचं कोण हाय?"

किल्ल्यात तात्यांनी इतिहास सांगितला, पण त्या दिवशी जरा थोडक्यात. परतताना समुद्र अगदी शांत होता. तरी तात्या होडीत आईशेजारी जाऊन बसले आणि आमच्यादेखत त्यांनी आपणहून हात पुढं केला.