हिरामणची करंगळी

जगन : ऊठ हिरामण. पेण अजून पंधरा-सोळा किलोमीटर हाय. खारपाड्याच्या पुलावर बसून दिवस काढायचा काय?

हिरामण : तू हो पुढं. मी बसतो जरा.

जगन : पुढं काय हो? पेणच्या नाक्यावर मंडळाची माणसं हार घेऊन उभी असतील. दोघं नेपाळला सायकलीवर जाऊन आले म्हणून फळ्यावर लिहिलंय म्हणे. तिथं मी रोह्याचा एकटाच पोचलो तर विचारतील, आमचा पेणचा कुठं टाकलास?

हिरामण : सांग, दमलाय.

जगन : जबलपूरच्या उन्हात दमला नाय, आन् आता दारात येऊन दमला. मला अजून रोह्यापर्यंत मारायचीय. परवा पहिली शिफ्ट. बिनपगारी रजा दिली तीसुद्धा कंपनीनं उपकार केल्यासारखी.

हिरामण : नेपाळात बुटवलच्या चढावर तुला म्हणालो होतो, परत फिरू.

जगन : आन् मी म्हणालो, हद्द ओलांडली ती काय चहा प्यायला? पोखऱ्याचं तळं बघितल्याबिगर फिरायचं नाय. चिडलो मी, मान्य. पण तू कारण कुठं सांगितलंस?

हिरामण : आता सांगतो. बोटं गेलीत माझी. उजवी करंगळी आन् तिच्या शेजारचं.

जगन : गेलीत म्हणजे? दिसतायत की.

हिरामण : दिसतात. त्यांना कळत काय नाय. दिवसभर हँडलवर भार टाकून टाकून. आधी मुंग्या यायच्या, मग त्यापण बंद झाल्या. सोनौलीला हद्दीच्या चौकीवर वहीत माझं नाव तुला लिहायला लावलं, आठवतं?

जगन : हात घामेजलाय म्हणालास.

हिरामण : पेन धरवत नव्हतं.

जगन : डॉक्टरला तरी दाखवायचं.

हिरामण : दाखवलं. येताना गोरखपूरला, तू पंक्चर काढत होतास तेव्हा. शीर दबलीय म्हणाला, सायकल सोड. सहा महिन्यांनी येतील बोटं, नाय तर नाय.

जगन : आन् तू सोडली नायस? अरे, रेल्वेनं आलो असतो दोघं.

हिरामण : लाज वाटली. तू सायकलीवर येणार, आन् मी पार्सलासारखा. आता त्या लाजेचं काय करू, सांग.

जगन : पण मूर्ती रंगवायचा कुंचला काय करंगळीनं धरतात? बाकीची बोटं धड हायत ना?

हिरामण : तुला नाय कळायचं. गणपतीचे डोळे आखताना करंगळी मूर्तीच्या गालावर टेकायची. किती टेकली ते तिलाच कळतं. जास्त टेकली की रंग उठतो, कमी टेकली की हात हलतो. मग देव तिरळा बघतो. बाबांना मोतीबिंदू झाल्यापासून कारखान्यात डोळे आखणारा मी एकटा. तुझ्या वहिनीनं जबलपूरच्या पोस्टात पाठवलेल्या पत्रात लिहिलंय, दोनशे मूर्ती रंगवून झाल्या, डोळे तेवढे राहिलेत. बाबा रोज म्हणतात, हिरामण आला की बसेल.

जगन : यंदा दुसऱ्या कुणाला बसव.

हिरामण : बाबा लावू देतील दुसऱ्याचा हात? जन्मात नाय.

जगन : मग असं सांगू. मी घाटात पडलो, मला सावरताना तुला लागलं.

हिरामण : खोटं नको. बाबा जाऊच नको म्हणत होते. हातावर पोट असलेल्यानं कशाला हुंदडावं, म्हणाले. मी भांडून निघालो, जगन. ते दारापर्यंतपण आले नाय. आता कुठल्या तोंडानं समोर बसू?

जगन : तू उगा घाबरतोयस. चार दिवस झोप काढ, तेल चोळ. हात इकडं कर बघू. डोळे मीट. करंगळीला धरलं की सांग.

हिरामण : मिटले.

(जगन त्याच्या करंगळीचं टोक चिमटीत धरून दाबतो. बराच वेळ दाबतो.)

हिरामण : धर की. कसली वाट बघतोयस?

जगन : उघड डोळे. चल, मी तुझ्या घरी येतो. बाबांशी मी बोलतो.