हरलेल्याच्या हातचा फेटा

या मंडळी, पुढं सरका. खांबाला टेकलात तर चालेल, शेजाऱ्याला टेकू नका — त्यालाही झोप येते!

आजचा प्रश्न सोपा आहे. एकजण डोक्यानं अजिंक्य, दुसरा मुठीनं अजिंक्य. एक बुद्धिबळाच्या पटावर वर्षानुवर्षं हरलेला नाही, दुसरा मुष्टियुद्धाच्या रिंगणात हरलेला नाही. दोघांत मोठा कोण? बोला की! आता गप्प का? एरवी चहाच्या टपरीवर याच प्रश्नावरून कॉलरी धरता! आणि मोठेपण मोजायचं तरी कशानं? भिंतीवरच्या ढालींनी? ढाली तर भंगारवालासुद्धा किलोवर घेतो. माणूस खेळातून उठून गेल्यावर मागं काय उरतं, ते बघायचं. म्हणा — विठ्ठल, विठ्ठल.

तर मंडळी, ऐका. बोरवंड नावाचं गाव. नकाशात शोधू नका, आख्यानातलं गाव आहे. कृष्णाकाठचंच म्हणा ना, माणसं तशीच — बोलायला तिखट, वाढायला गोड. या गावच्या जत्रेत दोन खेळ रंगायचे. सकाळी देवळाच्या मंडपात बुद्धिबळ, आणि दिवस कलताना पटांगणात मुष्टियुद्ध. आणि रीत कशी होती? जिंकणाऱ्याच्या डोक्याला फेटा बांधायचा, पण तो बांधायचा हरलेल्यानं! स्वतःच्या हातानं, सगळ्या गावासमोर. पूर्वी हरलेले रुसून पंगतीला येत नसत. कुणीतरी शहाण्या माणसानं ही रीत पाडली. ज्याच्या डोक्याला आपण फेटा बांधला, त्याच्याशी रुसायचं कसं?

आता मुष्टियुद्धातला अजिंक्य — शिदोजी बारटक्के. पलटणीत होता, तिथं हा खेळ शिकला, घरी येऊन गावाला शिकवला. सगळे त्याला वस्ताद म्हणायचे. अकरा वर्षं हरला नाही! अकरा वेळा त्याच्या डोक्याला फेटा बांधला गेला. उजवी मूठ अशी, की समोरचा माणूस ती लागायच्या आधीच डोळे मिटायचा.

आणि बुद्धिबळातले अजिंक्य — अनंतराव फडणीस, रिटायर पोस्टमास्तर. किडकिडीत अंग, जाड चष्मा. वारा आला तर बायको खिडकी लावून घ्यायची. पण पटावर बसले की भलेभले घामाघूम! तेही अकरा वर्षं हरले नव्हते.

झालं. गावात दोन तट. टपरीवर, पारावर, न्हाव्याच्या खुर्चीत एकच वाद — मोठा कोण? त्यात गावानं नवं क्रीडामंदिर बांधलं. नाव कुणाचं द्यायचं? पंच म्हणाले, "दोघांनीही यंदा शेवटचं उतरायचं. यंदाही जो न हरता बाहेर पडेल, त्याचं नाव दारावरच्या दगडात. दोघेही टिकले तर चिठ्ठी टाकू."

शिदोजीला ते नाव हवं होतं. लपवायचं काय त्यात? हवंच होतं! मूलबाळ नव्हतं त्याला. बायकोला म्हणायचा, "पार्वते, मी गेल्यावर कोण नाव काढणार माझं? दगडावर कोरलं म्हंजी मिटलं. पावसानंबी पुसत न्हाई." ती म्हणायची, "दगडाचं कौतुक पुरे, आधी जेवा."

जत्रेची सकाळ. अनंतरावांच्या समोर कोण बसलं? शरयू. त्यांच्याच हाताखाली शिकलेली, कॉलेजात जाणारी पोरगी. शिदोजी पहिल्या रांगेत. पटातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण माणसांच्या चेहऱ्यातलं कळायचं. दोन तास गेले. एकाएकी त्याला दिसलं — पोरीचा हात घोड्यावर गेला आणि बोटभर वरच थांबला.

का थांबला? ऐका. पटावरचा नियम आहे, मोहऱ्याला हात लावला की तेच खेळावं लागतं. मागं घेता येत नाही. घोड्याच्या त्या एका उडीत राजाला शह बसत होता आणि वजीर फुकटात जात होता. काकांचा डाव संपत होता! पोरीनं हात मागं घेतला, मांडीवर ठेवला. खाली मान घालून म्हणाली, "काका, बरोबरीत सोडवूया का?"

बरोबरी म्हणजे काय? म्हणजे काका अजिंक्यच! नाव शर्यतीत तसंच! नुसतं "बरं" म्हणायचं होतं. तुम्ही म्हणाला असतात का नाही? हसू नका, मनातल्या मनात उत्तर द्या.

अनंतरावांनी चष्मा काढला, उपरण्याला पुसला, परत घातला. म्हणाले, "शरू, घोडा दिसला ना तुला?"

"दिसला."

"मग खेळ. दिसलेली चाल न खेळायला मी तुला कधी शिकवलं?"

घोड्यानं उडी घेतली. अनंतरावांनी आपला राजा आडवा केला आणि उठले. आणि मंडळी, काय तो फेटा बांधला! सरसर पदर सोडले, एकावर एक चुण्या बसवल्या, मागं शेमला, वर तुरा — नवरदेवाला बांधावा तसा. पोरगी रडत होती आणि म्हातारा फुलून आला होता.

शिदोजीच्या मनात काय आलं? संत नव्हता तो, माणूस होता. त्याच्या मनात आलं — सुटलो. आता दार माझं. घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. पण आडवा झाला तर झोप येईना. राहून राहून अनंतरावांचा चेहरा समोर येई. हरलेल्या माणसाचा चेहरा तसा का दिसावा? कूस बदलली, तरी तोच.

दिवस कलला. हलगी वाजली. रिंगणात समोर इलाही मुलाणी, त्याचाच पठ्ठ्या. खाटकाच्या दुकानात बसणारा हा उनाड पोरगा त्यानं हाताला धरून उभा केला होता. समोरच्याच्या पायात शिरून जवळ जायचं कसं, खांदा फिरवायचा कसा, सगळं शिकवलं होतं.

पहिली फेरी शिदोजीची. गाव ओरडतंय! दुसऱ्या फेरीत शिदोजीला दिसलं — इलाहीचा डावा हात खाली आहे. हनुवटी उघडी! एक ठोसा, की निकाल. शिदोजीची मूठ निघाली... आणि वाटेत थांबली.

कारण असा हात खाली सोडायला त्यानं शिकवलंच नव्हतं. हनुवटी झाकायची, ही तर पहिल्या दिवसाची शिकवण. पोरगा चुकत नव्हता, मंडळी. पोरगा देत होता! गुरुदक्षिणा देत होता! वस्तादाचं नाव दगडावर लागावं म्हणून स्वतःचं तोंड पुढं करून उभा होता.

आता सांगा, काय करायचं? घ्यावी का दक्षिणा? कुणाला कळणार होतं? पंचांना नाही, गावाला नाही. दोघांनाच ठाऊक. आणि नाव तर जन्मभराचं! शिदोजीच्या डोळ्यांसमोर दार आलं, दगड आला, कोरलेली अक्षरंसुद्धा आली. मग पुढं सरकून पोराच्या कानाशी म्हणाला, "इलाही, हात वर घे."

"वस्ताद, तुमचं नाव लागंल..."

"भीक नगं मला. हात वर घे, न्हाईतर परत तालमीत पाय ठिवू नगंस."

इलाहीनं हात वर घेतला. डोळे भरले होते पोराचे, पण हात वर घेतला. आणि मग जी तिसरी फेरी झाली! मृदंगमणी, वाजवा जरा! शिदोजी जीव तोडून लढला, सोडलं नाही काही. पण पोरगा पायात शिरला, खांदा फिरवला आणि असा ठोसा बसला शिदोजीच्या जबड्यावर, की डोळ्यांपुढं काजवे! आणि शिदोजीला ओळखू आला तो ठोसा. तो त्याचाच होता! पलटणीत शिकलेला, गावात आणलेला, या पोराच्या खांद्यात घातलेला. तोंडातून रक्त येतंय आणि माणसाची छाती फुगतीय! सकाळचा तो चेहरा आता त्याला कळला, मंडळी. गुण मोजले. पंचांनी इलाहीचा हात वर केला.

ताटात फेटा आला. शिदोजीनं कापड उचललं, टोक धरलं... आणि तसाच उभा राहिला. बांधायचा कसा? अहो, येतच नव्हता! अकरा वर्षं नुसता डोकं पुढं करून बसलेला माणूस! एक वेढा घेतला, सुटला. दुसरा घेतला, पोराच्या डोळ्यांवर आला. एवढा मोठा गडी, कापडाशी झटत बसला.

तेव्हा गर्दीतून अनंतराव रिंगणात आले. शिदोजीच्या कानात म्हणाले, "टोक त्याच्या दातात द्या. हां. आता ओढून घ्या, सैल नको."

शिदोजी पुटपुटला, "मास्तर, तुमीबी अकरा वर्सं हरला न्हाईसा. मग तुमाला कसा येतो?"

अनंतराव म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी शरूनं माझ्या ओसरीवर मला पहिल्यांदा अडचणीत आणलं. त्या रात्रीपासून गुडघ्यावर बांधून शिकतोय. तिच्या डोक्याला वाकडा बसायला नको होता."

ऐकलंत? अजिंक्य असताना, गावभर डंका वाजत असताना, म्हातारा घरात बसून हरायची तयारी करत होता! शिदोजीला एका संध्याकाळी कळलं, ते मास्तरांना तीन वर्षं आधी कळलं होतं. पण कळलं दोघांनाही. म्हणून मूठ मोठी की डोकं मोठं, हा वाद त्या दिवशी बोरवंडात मिटला. दोघांनी मिळून इलाहीचा फेटा बांधला. वाकडाच झाला. इलाहीनं तो तीन दिवस उतरवला नाही. आणि शिदोजी ज्याला त्याला सांगत सुटला, "मला हरवलं त्यानं. मला! सोपं वाटलं व्हय?"

दारावर नाव लागलं नाही. पंचांनी तिथं काळा फळा लावला. दर जत्रेला जे जिंकतील त्यांची नावं खडूनं लिहायची, आणि पुढच्या जत्रेला पुसायची.

झालं आख्यान. आता तुमची पाळी. काय बघता माझ्याकडं? कापड दुकानवाले, मुलगा तुमच्यापेक्षा चांगला धंदा करतो, हे बाजाराला कळलंय, त्याला कधी सांगितलंत? मावशी, सुनेच्या हातची आमटी वाटी वाटी ओरपता, तोंडानं काय म्हणता — "मीठ बेतानं घाल हो"? गुरुजी, विद्यार्थी पुढं गेला की "माझाच विद्यार्थी" म्हणता, पण तो समोर आला की उठून खुर्ची देता का? प्रसाद घ्याल, घरी जाल. कुणीतरी दार उघडेल, जे तुमच्याकडून शिकलं आणि तुमच्या पुढं गेलं. आज त्याला तोंडावर सांगा, "बाबा रे, जिंकलास." आणि सांगताना जीभ अडखळली, तर समजून जा — आपणही आजवर नुसतं डोकं पुढं करूनच बसलो.