त्या दिवशी मी हट्ट्याला होतो

मी डोंगरकड्याच्या पल्याडच्या तांड्यातला, हरचंद माझं नाव. आजा बैलांवर मीठ लादून गावोगाव फिरायचा, बापानं तेच बैल औताला जुपले, तवापासून आमी शेतकरीच. पण काय सांगू तुमाला, कुटंबी बैल चोरीला गेला की आदी आमचा तांडा धुंडायचे.

लगीन झालं, गोमली घरात आली. तिला बोलायला लई लागायचं, दळतानाबी बोलून राहायची, मी नुसता व्हय व्हय करायचो. त्या साली हळदीच्या दिवसांत मी हट्ट्याला गेलो, नरहरी आबांच्या मळ्यात हळद शिजवायला, आन् इकडं एका पाटलाची बैलजोडी गेली. मी परत आलो तर पोलीस दारात. म्या म्हणलं, साहेब, मी हट्ट्याला होतो, आबांना इचारा. तर अमीन, म्हंजी तवाचा फौजदार, म्हणला, चुप बैठ. लई मारलं. बैल कुटं इकले सांग म्हणायचे, आन् मी काय सांगू, मी ते बैल बघितलेच न्हाईत.

अदालतीत सारं उर्दूत. माझ्याच बाबतीत बोलून राहिले आन् मला काईच कळंना. वकील न्हाई, साक्षीदार न्हाई. शिपायानं दंडाला धरून भाईर आणलं तवा त्यालाच इचारलं, काय झालं? तो म्हणला, सजा झाली, चल.

तुरुंगात आमच्या बोलीचं कुणी नव्हतं. गोमली एकदा येऊन गेली, तिला फाटकावरूनच माघारी लावून दिलं, ते मला लई मागाहून कळलं. मंग सत्याग्रहात धरलेला एक वकील आमच्या बराकीत आला, शांत मानूस. त्यानं इचारलं, हरचंद, त्या दिवशी तू होतास कुटं? इतकंच. मला रडूच फुटलं, असं कुणी इचारलंच नव्हतं. तो सुटला, पण मला इसरला न्हाई, वरच्या अदालतीत गेला. तिथल्या जज्जानं खटला पुन्यांदा चालवायला लावला, मराठीत समजावून सांगणारा मानूस बसवला. नरहरी आबा आले. पाटील त्यांचे सोयरे, तरी उभं राहून म्हणले, हरचंद माझ्या मळ्यात होता. मी सुटलो.

तांड्यात आलो तर माझ्या घरात नाईकाची वासरं बांधलेली. नाईक म्हंजी तांड्याचा मुखिया. तो म्हणला, तू परत येशील असं वाटलं न्हाई, पंचायत बसली, गोमलीला दुसऱ्या तांड्यात दिली. म्या म्हणलं, मला काहून इचारलं न्हाई? तो म्हणला, तुरुंगात कोण येणार इचारायला? मंग म्या म्हणलं, तिला तरी इचारलं का? तो वासरांची दावी सोडायला वाकला.

एकदा गेलो तिच्या तांड्याकडं. विहिरीवर होती, कडेवर लेकरू. म्हणली, कवा सुटले? म्या म्हणलं, म्या चोरी केली नव्हती. ती म्हणली, मला ठाव होतं, मी तेच सांगून राहिले पंचायतीत, कुणी ऐकलं न्हाई. लेकरू रडायला लागलं. पंचायतीत भांडलो असतो तर तिला माघारी आणताबी आली असती, पण मंग त्या लेकरानं कुणाच्या तोंडाकडं बघायचं? मी निघून आलो.

आता निजामाचं राज्य गेलं, रझाकार गेले. लोक म्हणतात नवी अदालत येईल, मराठीत बोलेल. येऊ दे, बरंच हाय. मी एकटाच हाय, दुसऱ्यांची ढोरं राखतो, सांजेला दार लावून घेतो. तिचं लेकरू आता मोठं झालं असंल, सुखी राहो. तुमी इतका वेळ बसून ऐकलं, बरं वाटलं. निघा आता, वाटंत ओढा हाय, उजेड हाय तवर पार करा.